वेल्डरच्या प्रशिक्षणात रॉडची काटकसर नको

महोदय,

दहावीच्या निकालानंतर आयटीआयच्या प्रवेशांची लगबग सुरू झाली असून नागपूर जिल्ह्यातील अनेक मुले यंदाही वेल्डर व्यवसायाचा पर्याय भरतील. एक वर्षाचा हा अभ्यासक्रम आठवी उत्तीर्ण मुलालाही खुला आहे आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या फॅब्रिकेशन शेडपासून कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतील दुरुस्तीपर्यंत चांगल्या वेल्डरला आपल्याकडे काम मिळते. बुटीबोरी परिसरात वेल्डिंगचा पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरीची बरीच वर्षे गेली आणि भरतीच्या वेळी उमेदवारांच्या चाचण्या घेण्याचे कामही माझ्याकडे असे. त्या अनुभवावरून कार्यशाळांतील कच्च्या मालाच्या टंचाईकडे मी शासनाचे, संस्थांचे आणि पालकांचे लक्ष वेधू इच्छितो.

चाचणीला येणारा मुलगा तोंडी प्रश्नांना बहुधा नीट उत्तरे देतो. करंट किती ठेवायचा, अंडरकट, म्हणजे जोडाच्या कडेला पडणारी खाच, कशामुळे येतो, हे त्याला ठाऊक असते. टेबलावर सपाट ठेवलेली प्लेटही तो बऱ्यापैकी जोडतो. तीच प्लेट उभी बांधून खालून वर, म्हणजे थ्री-जी पोझिशनमध्ये, जोडायला सांगितली की वितळलेला धातू ओघळू लागतो, हात अडखळतो आणि रॉड, म्हणजे वितळून जोडात धातू भरणारी कांडी, चिकटतो. कसाबसा पुरा केलेला जोड वरून बरा दिसला, तरी त्याची पट्टी कापून वाकवल्यावर मुळाशी धातू पोहोचलाच नसल्याचे उघड होते. मुलगा मंद नसतो आणि त्याला शिकवणारे निदेशकही बहुतेक वेळा जाणकार असतात; त्या मुलाच्या हातून पुरेसे रॉड जळालेलेच नसतात.

हा हिशेब कोणालाही पडताळून पाहता येईल. कामगार ज्याला दहा गेजचा म्हणतात तो ३.१५ मिलिमीटरचा रॉड शंभर-सव्वाशे अँपिअरवर साधारण मिनिट-सव्वा मिनिटात संपतो. प्रशिक्षणार्थ्याला दिवसाला पाच रॉड मिळाले, तर त्या दिवसाचा त्याचा प्रत्यक्ष सराव पाच-सात मिनिटांचा झाला. उरलेला वेळ तो काच धरून दुसऱ्याचे काम पाहतो. पाहण्याचाही उपयोग आहे, पण आर्कची, म्हणजे रॉडचे टोक आणि प्लेट यांमधल्या विजेच्या ज्योतीची, लांबी साधारण रॉडच्या जाडीइतकीच राखायची, रॉड जळून आखूड होत जातो तसा हात खाली नेत राहायचे आणि त्याच वेळी एका गतीने पुढे सरकायचे, ही तिहेरी हालचाल बघून येत नाही. माझ्या मते अभ्यासक्रमात फारशी उणीव नाही. उभी, डोक्यावरची आणि पाइपची वेल्डिंग, वायूच्या आवरणाखाली होणारी टिग आणि मिग वेल्डिंग आणि जोडाची तपासणी हे सारे त्यात आहे. ते प्रत्येक मुलाकडून करून घ्यायला लागणारे रॉड, प्लेटा आणि गॅस मात्र अनेक ठिकाणी सत्र संपण्याआधीच संपतात.

आपल्या हवामानामुळे यात आणखी भर पडते. सत्राचे पहिले महिने पावसाळ्याचे असतात आणि ७०१८ सारखे लो-हायड्रोजन, म्हणजे जोडात हायड्रोजन कमी जाऊ देणारे, रॉड दमट हवेत ओल धरतात. ती ओल काढण्यासाठी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, म्हणजे साधारण २५० ते ३५० अंश सेल्सिअसला, ते ओव्हनमध्ये भाजून घ्यावे लागतात. तसे न केल्यास जोड थंड झाल्यावर कित्येक तासांनीही त्याला तडा जाऊ शकतो. कार्यशाळेत चालू स्थितीतला ओव्हन नसेल, तर मुलाला ही सवय लागणार कुठून? उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये हातमोजे घामाने भिजतात. आर्क लागलेला नसताना होल्डरवर, म्हणजे रॉड पकडणाऱ्या चिमट्यावर, ७०-८० व्होल्ट असू शकतात आणि ओल्या हाताला त्याचा जोराचा झटका बसतो. म्हणून कोरडे, जास्तीचे हातमोजे हेही कच्च्या मालातच धरले पाहिजेत. धूर ओढून घेणाऱ्या पंख्यांचा खर्चही टाळता येणार नाही, कारण वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्येच निश्चित कर्करोगकारक घटकांच्या गटात घातले आहे.

अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांची स्थिती याहून वेगळी नाही. पहिल्या वर्षी कार्यशाळेत एखादा जोड केला की पुष्कळांचा होल्डरशी संबंध संपतो आणि पुढे यांच्यातूनच वेल्डिंगच्या कामावर सही करणारे अभियंते होतात. बॉयलरची नळी गळली की वीज केंद्राचा संच बंद ठेवावा लागतो. म्हणूनच अशा कामावरील वेल्डरला भारतीय बॉयलर विनियम, १९५० नुसार वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्या कामावर देखरेख करणाऱ्याला चांगला जोड आणि नुसता चांगला दिसणारा जोड यांतला फरक स्वतःच्या हाताने कळलेला असावा, ही अपेक्षा मला मुळीच जास्त वाटत नाही.

यासाठी फार मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत कापणीनंतर उरलेले प्लेटांचे तुकडे रोज भंगारात जातात. संस्था व्यवस्थापन समित्यांत उद्योगांचे प्रतिनिधी असतातच; त्यांनी हे तुकडे जवळच्या आयटीआयला नियमित देण्याची व्यवस्था करावी. आयटीआय चालवणाऱ्या राज्याच्या संचालनालयाने प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यामागे महिन्याला किती किलो रॉड मिळायलाच हवेत हे ठरवून द्यावे आणि तो आकडा, प्रत्यक्ष वाटपासह, कार्यशाळेच्या दारावर लावणे बंधनकारक करावे. अंतिम प्रात्यक्षिकात उभ्या प्लेटचा जोड सर्वांसमोर वाकवून पाहावा. आणि पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी कार्यशाळा उघडून दाखवण्याची विनंती करावी, किती यंत्रे चालू आहेत ते विचारावे आणि टेबलाखालच्या डब्यात रॉडची थोटके किती साचली आहेत, तेही पाहून घ्यावे.

आपला,
एक सेवानिवृत्त वेल्डिंग पर्यवेक्षक, नागपूर