तळ्यावरचे पाहुणे मोजण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर सरत आला की वर्तमानपत्रांतून तळ्यांवरच्या पक्ष्यांची बातमी येते. मथळे ठरलेले दोनच : ‘पाहुणे आले’ किंवा ‘पाहुणे रोडावले’. दोन्हींच्या मागे बहुधा कोणाची तरी एका सकाळची, एकाच काठावरची फेरी असते. सोबतचे छायाचित्र विणीच्या ऐन भरातल्या, झळाळत्या नराचे. ते पाहून हौशी मंडळी तळ्यावर जातात, समोर शे-दीडशे तपकिरी बदके बघतात आणि ‘काही विशेष नाही’ म्हणत परततात. विशेष असते ते त्या तपकिरी घोळक्यातच.

वीण उरकली की नर बदकांची रंगीत पिसे झडतात आणि त्यांना मादीसारखा मळकट पिसारा येतो. याच सुमारास उडायची पिसेही सगळी एकदम गळतात. तीन-चार आठवडे ही बदके उडूच शकत नाहीत, आणि तेवढ्या दिवसांत मळकट रंग लपायला कामी येतो. पुढे रंग परततो, पण साऱ्यांचा एका वेळी नाही. चक्रांग बदकाचे नर नोव्हेंबरात बरेचसे ओळखू येतात. थापट्या बदकाचा नर डिसेंबरातही अर्धामुर्धा रंगलेला सापडतो. भुवई बदक तर आपली ती पांढरी भुवई हिवाळा बराच सरल्यावर मिरवते. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस थापट्यांची ‘माद्या ८०, नर ५’ अशी नोंद कोणी दिली, तर त्या ८०मध्ये नर किती लपलेत हे आधी विचारावे.

तेव्हा या दिवसांत रंगाच्या नादी लागू नये. आधी चोच, मग डोके आणि मान, मग शेपटी पाण्याला टेकली आहे की उचललेली, आणि संधी मिळाली तर पंख. थापट्याची चोच टोकाशी पळीसारखी रुंद आणि डोक्यापेक्षा लांब. झोपेतून मान वर काढली की लांबूनही चुकत नाही. तलवार बदकाच्या मादीला शेपटीची तलवार नसते, पण सडपातळ लांब मान, करडी चोच आणि रेघोट्या नसलेला साधा चेहरा असतो. गडवाल बदकाच्या मादीच्या चोचीच्या दोन्ही कडा नारिंगी दिसतात आणि पंखावर छोटा पांढरा चौकोन असतो. पोहताना तो कधी दिसतो, कधी पिसांखाली दडतो. सर्वांत गोंधळ चक्रांग आणि भुवई बदक यांच्या माद्यांचा. दोघी लहानखुऱ्या, दोघी चट्टेपट्टेदार. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे ठळक असतात, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो आणि चोच जरा लांब. चक्रांगाचा चेहरा सपाट वाटतो, मात्र शेपटीच्या बुडाशी कडेला एक फिकट रेघ असते. ती एकदा ओळखू आली की पुढे पुस्तक उघडावे लागत नाही.

पंखाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. मळकट पिसाऱ्यातही वयात आलेल्या नराच्या पंखाचा वरचा भाग आपली खूण सोडत नाही. थापट्याच्या नराच्या पंखाची पुढची बाजू फिकट निळी असते, मादीची करडी. पण पंख मिटलेला असताना हे दिसणार कसे? यासाठी बदकाला उडवायची गरज नसते. झोपेतून उठलेले बदक आळस देते : एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे ताणते, दोन सेकंद तसेच धरते, मग दुसरी बाजू. अंघोळ झाली की पाण्यावर उभे राहून पंख फडफडवते. घोळक्यावर दुर्बीण स्थिर ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबले तर बरेच नर आपण होऊन ओळख देतात. थव्याकडे दगड भिरकावून ‘उडाल्यावर पंख दिसतात’ म्हणणारेही भेटतात. उडालेल्या थव्यात दिसते ती नुसती धांदल.

पाण्यात बुडी मारणारी बदके वेगळी धरावीत. लालसरी आणि शेंडी बदक पाण्यात खोल बसतात, शेपटी पाण्याला टेकलेली असते आणि उडण्यापूर्वी पाण्यावरून धावत जातात. चक्रांग, थापट्या, तलवार ही बदके जागच्या जागी सरळ वर उठतात. मोजताना हा फरक फार महत्त्वाचा, कारण बुडी मारणाऱ्यांतली काही कोणत्याही क्षणी पाण्याखाली असतात. एकदा मोजून भागत नाही. तोच घोळका तीनदा मोजावा आणि सर्वांत मोठा आकडा लिहावा. टिबुकली या छोट्या बुडी मारणाऱ्या पाणपक्ष्याचेही तसेच. या दिवसांत तिच्या गळ्याचा तांबूस रंगही गेलेला असतो, त्यामुळे ती बदकाचे पिल्लू म्हणून नोंदली जाते. शेपटीच नसल्यासारखा गोल पार्श्वभाग आणि टोकदार चोच पाहिली की शंका मिटते.

वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांकडे मंडळी कंटाळून बघतात. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, शेकड्यांनी असतो. पण वारकरी बुडी मारून तळाची पाणवनस्पती वर आणतो आणि स्वतः खोल बुडू न शकणारे गडवाल शेजारी टपून बसते, वर आलेला घास त्याच्या तोंडचा पळवते. त्यामुळे वारकऱ्यांच्या घोळक्यातले एकेक ‘तपकिरी काहीतरी’ तपासल्याशिवाय पुढे सरकू नये.

साधनांबद्दल थोडक्यात. तळ्यासाठी ८×४२ दुर्बीण पुरेशी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते : ८×४२ ची सव्वापाच मिलिमीटर, खिशात मावणाऱ्या १०×२५ ची अडीच. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक लगेच कळतो. शिवाय दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही तेवढाच वाढतो. ‘माझ्या दुर्बिणीत धूसर दिसते’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा दोन डोळ्यांचा फरक जुळवलेला नसतो. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करावे, मग डावी बाजू झाकून उजव्या नळीवरच्या कड्याने उजव्या डोळ्याला. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत फिरवावी, नसेल तर बाहेर. तळे मोठे असेल तर तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) हवा, पण ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते. तेव्हा साठपट करून काही मिळत नाही, वीस-पंचवीस पटीवरच राहावे.

सकाळी सूर्य पाठीशी यावा म्हणून पूर्वेच्या काठावर उभे राहावे, संध्याकाळी पश्चिमेच्या. उलट केले तर सगळी बदके काळ्या सावल्या होतात, आणि सावल्यांची ओळख पटवण्यात चुका होतात. वारा असेल तर तो ज्या काठाकडून येतो तिथले पाणी शांत असते आणि आडोशासाठी घोळके तिथेच सरकतात. मधले पाणी रिकामे दिसते म्हणून तळे रिकामे समजू नये.

जवळ जाण्याचा मोह हा सर्वांत मोठा घोळ. पक्षी उडण्याआधी बराच वेळ इशारा देतात. आधी चरणे थांबते, मग माना ताठ होतात, मग घोळका काठापासून दूर सरकतो. माना ताठ झाल्या की तिथेच थांबावे, शक्य तर चार पावले मागे यावे. सरळ पक्ष्याच्या दिशेने चालण्यापेक्षा तिरपे, काठाला समांतर चालावे, आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवर आकृती उठून दिसेल असे बांधाच्या माथ्यावर उभे राहू नये. बरीच बदके रात्री चरायला बाहेर पडतात आणि दिवसा तळ्यावर विसावतात. लांबचा पल्ला गाठून आलेल्या पक्ष्याला दिवसात चार-पाच वेळा उठवले की चरबी साठवायची कमाई उडण्यातच खर्ची पडते. ड्रोन तर पाण्याच्या आसपास नकोच. पक्ष्यांच्या लेखी तो वरून येणारा शिकारी आहे. खऱ्या शिकाऱ्याने, म्हणजे पाणथळीवर घिरट्या घालणाऱ्या दलदली भोवत्याने, थवा उठवला तर ती तळ्याची रीत. त्या दिवशीच्या नोंदीत तेवढे लिहून ठेवावे.

मोजणी अशी. आधी दहा पक्षी एक-एक करून मोजावेत आणि दहांचा घोळका डोळ्यांना केवढा दिसतो ते ध्यानात घ्यावे. मग त्या मापाने दहा-दहा करत डावीकडून उजवीकडे जावे. थवा हजाराचा असेल तर पन्नासाचे माप. परत उजवीकडून डावीकडे. दोन आकड्यांत दहाव्या हिश्श्याहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. अंदाजाने सांगितलेला आकडा मोठ्या थव्यात सहसा कमीच पडतो. जात कळली नाही तर ‘अनोळखी बदक १४’ असे लिहावे. ओढूनताणून नाव देण्यापेक्षा ते केव्हाही बरे. सुरुवातीची व शेवटची वेळ, कोणता काठ पाहिला, वारा, पाण्याची पातळी, आणि पक्षी नसतील तर शून्य. शून्य लिहायला लोक का लाजतात कळत नाही.

पाण्याची पातळी न लिहिल्याने सर्वांत जास्त फसगत होते. तळे तुडुंब असेल तर काठचा चिखल पाण्याखाली जातो आणि छोटा टिलवा, तुतारी या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना चोच खुपसायला जागा उरत नाही. ते शेजारच्या डबक्यावर गेलेले असतात. पाणी हातभर ओसरले की पंधरा दिवसांत तेच तळे गजबजते. म्हणून छोटी डबकी वगळू नयेत. डबक्यावर एकटीच असणारी, उडताना काळी-पांढरी दिसणारी आणि बुडाशी लख्ख पांढरी ती हिरवी तुतारी. पाठीवर ठिपके, डोळ्यावर ठळक फिकट भुवई आणि पंखाखाली फिकट रंग असेल तर ठिपकेवाली. सतत बूड हलवणारी, पाण्याला चिकटून ताठ पंखांनी उडणारी, जिच्या बुडाशी पांढरे नाही ती साधी तुतारी. काठच्या गवतात पाणलावा हा दडून बसणारा पक्षी असेल तर तो पायाशी येईपर्यंत हलत नाही आणि मग वेडीवाकडी वळणे घेत सुटतो. त्याला मुद्दाम उठवायला गवत तुडवू नये.

मान टाकलेले, लुळे पडलेले किंवा मेलेले पक्षी एकाच काठावर तीन-चार दिसले तर हात लावू नये. ऊबदार, साचलेल्या पाण्यात जिवाणूंच्या विषाने पक्षी लुळे पडतात. बर्ड फ्लूचीही शक्यता असते. जागा, वेळ, जात आणि संख्या संबंधित सरकारी खात्याला कळवावी.

आता मूळ मुद्दा. पक्षी वाढले की घटले हे सांगायला एका तळ्याच्या एकाच मार्गावरच्या, आठवड्याला एक याप्रमाणे पूर्ण हंगामाच्या नोंदी लागतात, आणि त्याही काही वर्षांच्या. जगभरची पाणपक्षी गणना १९६७पासून आणि आशियातली १९८७पासून जानेवारीत घेतली जाते, कारण तोवर स्थलांतर बहुतांशी स्थिरावलेले असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पक्षी येत असतात, थांबत असतात, पुढे जात असतात. आज दिसलेले चारशे चक्रांग परवा दीडशे झाले तर ते घटले नाहीत, कदाचित पुढच्या मुक्कामाला गेले.

तेव्हा बातमी छापताना आपण एवढे करावे, ही विनंती : आकड्यासोबत तारीख, वेळ, किती काठ पाहिला आणि पाणी किती होते हे चार शब्दांत द्यावे, छायाचित्र त्याच तळ्यावरचे आणि त्याच आठवड्यातले असावे, मग ते तपकिरी असले तरी चालेल, आणि जिथे पक्षी अगदी काठाशी विसावतात ती नेमकी जागा छापू नये.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक