पराभूत हंगामाचे माप कोणाच्या पदरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील महाविद्यालयांच्या ‘अमेरिकन फुटबॉल’ संघांच्या प्रशिक्षकांच्या हकालपट्ट्यांवर आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. संघ हरला की प्रशिक्षकाने जावे, हा व्यवहार रोखठोक आणि म्हणून न्याय्य आहे, असा त्याचा एकंदर सूर होता. तो मला मान्य नाही. टेनेसी विद्यापीठाचा २००८ चा हंगाम नीट पाहिला तर हा न्याय किती उथळ आहे हे कळते.

तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक फिलिप फुल्मर हे याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९९८ मध्ये संघ सर्व १३ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला होता आणि २००७ मध्येही त्याने १० विजय मिळवले होते. मात्र त्या हंगामाच्या अखेरीस आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे डेव्हिड कटक्लिफ ड्यूक विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले, अनुभवी क्वार्टरबॅकचेही (मैदानावर आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचेही) शिक्षण संपले, आणि कटक्लिफ यांच्या जागी आलेल्या नव्या समन्वयकाची नवी पद्धत नव्या मुलांच्या अंगवळणी पडण्याआधीच सामने सुरू झाले. पहिलाच सामना यूसीएलए (लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ) संघाविरुद्ध जादा वेळेत २७-२४ असा हातचा गेला, तर ऑबर्न विद्यापीठाविरुद्ध केवळ दोन गुणांनी, १४-१२ असा पराभव झाला. एरिक बेरीसारखा खेळाडू असलेली बचावफळी झुंजत होती, पण पुढे गुणच होत नव्हते. २००५ चा हंगामही पराभवाचा गेला होता, त्यामुळे चाहत्यांचा संताप अकारण होता असे मी म्हणणार नाही.

परंतु विद्यापीठाने केले काय? ज्या प्रशिक्षकांचा करार त्याच वर्षी वाढवून दिला होता, त्यांनाच पद सोडायला लावले, आणि ३ नोव्हेंबरला, तीन सामने शिल्लक असताना, ते हंगामाअखेर जाणार असल्याचे जाहीर झाले. कराराच्या भरपाईपोटी साठ लाख डॉलर मोजायची तयारी होती, मग आणखी चार आठवडे थांबायला काय हरकत होती? त्याच आठवड्यात, ८ नोव्हेंबरला, लाखाहून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या आपल्याच नेलँड स्टेडियमवर संघ दुबळ्या मानल्या गेलेल्या वायोमिंगकडून १३-७ असा हरला. प्रशिक्षक जाणार हे ठाऊक असलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांकडून त्या दिवशी वेगळी अपेक्षा तरी कशी ठेवायची? तरीही फुल्मर यांनी संघ वाऱ्यावर सोडला नाही. व्हँडरबिल्ट आणि केंटकी यांना हरवूनच त्यांनी निरोप घेतला. अखेरचा हिशेब पाच विजय आणि सात पराभव असा झाला. त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब मात्र १५२ विजय आणि ५२ पराभवांचा आहे, आणि त्याचा उल्लेख आपल्या लेखात कोठेही नाही.

त्यांच्या जागी आलेले लेन किफिन एकच हंगाम काढून जानेवारी २०१० मध्ये दुसऱ्या विद्यापीठात गेले, आणि टेनेसीला पुन्हा दहा विजयांचा टप्पा गाठायला २०२२ उजाडावे लागले. २००८ मध्ये संघात आलेल्या मुलाला तीन हंगामांत तीन मुख्य प्रशिक्षक मिळाले. दरवेळी नवे डावपेच शिकायचे, संघातील जागा नव्याने मिळवायची, शिवाय अभ्यासही सांभाळायचा. त्या मुलांची बाजू मांडणारा लेखही आपण प्रसिद्ध करावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे