आई, साडी बदलू नकोस

फोंडा, गोवा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढे फुलांचे फोटो काढतेस, त्यांचं पुढे करतेस काय?" तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

सुट्टीच्या दिवशी मी म्हार्दोळला जाते. महालसेच्या देवळाबाहेर बायका जाई, अबोली घेऊन बसतात. त्यातल्या एका आजींची आणि माझी आता चांगली ओळख झालीय. आधी विचारते, फुलं घेते, मगच कॅमेरा बाहेर काढते. जाईच्या कळ्या दुपारी मिटलेल्या असतात, संध्याकाळी उमलतात. आजी केळीच्या सोपाच्या ओल्या धाग्यात दोन कळ्या इकडे, दोन तिकडे धरून गाठ आवळतात. नजर रस्त्यावर असते, बोटं आपली चाललेली. अंगठ्याच्या नखाशी हिरवट डाग आहे, तो धुऊन जाणारा नव्हेच. मी फुलांचे फोटो काढायला गेले होते, पण काढत बसले त्या बोटांचे.

आई, अबोली तुझ्या आवडीची, पण फोटोला फार अवघड. तिचा केशरी रंग इतका भडक की कॅमेऱ्यात पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात आणि नुसता सपाट डाग उरतो. म्हणून उजेड मुद्दाम थोडा कमी ठेवावा लागतो. पावसाळ्यातला ढगाळ उजेड फुलांना सगळ्यात चांगला, सावल्या काळ्याकुट्ट पडत नाहीत. आमच्या कुंपणावर कळलावी फुलते, तीही पावसातच. आधी हिरवट-पिवळी, मग हळूहळू लालभडक होत जाते. तेच फूल मी रोज टिपते.

आता मुद्द्याचं. मध्ये तुमचे जुने फोटो लावायला घेतले. सगळे लग्नांतले नाहीतर मुंजीतले! आई पैठणीत, बाबा कोटात, दोघंही ताठ. मेथी निवडणारी आई एकाही फोटोत नाही. चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधणारे बाबाही नाहीत. त्या अनोळखी आजींच्या हातांचे ढीगभर फोटो माझ्याकडे आहेत, आणि आई, तुझ्या हातांचा एकही नाही. हे मला फार लागलं.

दिवाळीत येईन तेव्हा कॅमेरा घेऊनच येईन. आई, मला बघून साडी बदलायला आत जाऊ नकोस. घरातली साडी, पदराला पुसलेले हात, सगळं तसंच राहू दे.

बाबा, तोवर हे काम तुमचं. स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या खिडकीतून सकाळी छान ऊन येतं. आई तिथे भाजी चिरत असेल तेव्हा तुम्ही बाजूला उभे राहा, खिडकीकडे तोंड करून नको. फोनच्या कॅमेऱ्याची काच आधी मऊ कापडाने पुसा. पडद्यावर आईच्या हातांवर बोट टेकवा आणि फार पांढरं दिसलं तर सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फ्लॅश बंदच ठेवा. पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटोतला बारकावा जातो.

आई "काहीतरीच काय" म्हणेल. त्या दिवशी राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

तुमची,
चिमी