मुरबाडला यायचं म्हणतेस, तर हे आधी वाच

प्रिय बाळा,

परवा तू फोनवर म्हणालीस की आई, आम्ही मुरबाडला येऊन राहू का, इथे ऐरोलीत समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते पण माहीत नाही, पोरगी दिवसभर डे केअरमध्ये आणि मी लहान असताना कशी सगळ्या आळीत हिंडायचे. मी लगेच ये म्हणाले, नात डोळ्यासमोर राहणार म्हटल्यावर माझ्या तोंडून दुसरं काय निघणार. पण नंतर वाटलं की हे फोनवर अर्धवट बोलण्यासारखं नाही म्हणून लिहिते आहे.

तुला आठवतं ते सगळं खरंच आहे. शाळा सुटली की दप्तर गिरणीत टाकायचं आणि गायब, जेवली कुणाकडे, झोपली कुणाच्या ओटीवर, मला चिंता नसायची कारण अंधार पडायच्या आत कोणीतरी हाताला धरून आणून सोडायचंच. पण ते आपोआप झालेलं नाही गं. लग्न करून आम्ही टोकावड्याकडून मुरबाडात आलो तेव्हा आम्हाला कुत्रं ओळखत नव्हतं, भाड्याची खोली आणि कर्ज काढून टाकलेली गिरणी एवढंच.

लोडशेडिंगचे दिवस होते, लाईट कधी रात्री अकराला यायची कधी पहाटे. लोक संध्याकाळी डबे ठेवून जायचे, दारापासून पट्ट्यापर्यंत रांग, झाकणावर खडूने नाव. तुझे बाबा लाईट आली की उठायचे आणि दळायला बसायचे, आधी सगळ्यांचे तांदूळ, मग गहू, नाचणी अगदी शेवटी, कारण नाचणीच्या मागे तांदूळ टाकला की भाकरी मळकट होते आणि बाईला लगेच कळतं. उपवासाची वरी असली तर जातं झाडून पुसून मगच. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाकडे दात नसलेलं म्हातारं माणूस आहे, कुणाला पीठ जाडसर लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं आणि सकाळी सहाला ज्याचा त्याचा डबा तयार. गाव आपल्याला ओळखायला लागलं ते असं, पिठावरून.

आणि माझं म्हणशील तर मी एक बारसं, एक हळदीकुंकू, एक मयत सोडलं नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तर शेजारच्यांनी डाळभात न्यायचा, मी नेला आहे, ज्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं त्यांच्याकडे पण नेला आहे. सप्ताह बसला की भाकऱ्यांचं पीठ आपल्याकडून, पंगतीत पाणी वाढायला तू. लावणीला सावडीत जायचं, आज त्यांच्या शेतात मी, उद्या आपल्या तुकड्यात त्या. ह्याचा हिशोब कोणी वहीत लिहीत नाही पण प्रत्येकाला पाठ असतो.

२६ जुलै २००५ ला तू नऊ वर्षांची होतीस. बाबा सकाळीच मोटरचा पट्टा आणायला कल्याणला गेले आणि दुपारनंतर असा पाऊस की उल्हास नदी फुगली, रायत्याच्या पुलावरून कुणाला इकडे येता येईना, फोन बंद, लाईट नाही आणि तुझ्या अंगात ताप. मी कुणाला हाक मारली नव्हती. मागच्या आळीतल्या काकू कंदील घेऊन स्वतःहून आल्या, त्यांच्या मुलाने गुडघाभर पाण्यातून जाऊन डॉक्टरांना उठवून औषध आणलं, तिसऱ्या घरातून पेजेचं पातेलं आलं आणि रात्रभर कोणी ना कोणी बसून होतं. बाबा परत येईपर्यंत मी एक वेळचं जेवण घरी शिजवलं नाही. तू म्हणतेस ना की आपलं गाव किती चांगलं, तर ते चांगलं आहेच, पण त्या काकूंच्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा महिनाभर त्यांना पेजेसाठी तांदळाचं पीठ रोज ताजं दळून गेलं होतं आपल्याकडून. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेव.

आता दुसरी बाजू पण ऐक कारण तुला ती विसरायला झाली असेल. तू नववीत असताना एसटी स्टँडवर वर्गातल्या मुलाशी वह्यांवरून बोलत उभी होतीस आणि तू घरी पोचायच्या आधी ती बातमी गिरणीत पोचली होती. ती घेऊन आलेल्या माणसाला मी तोंडावर सांगितलं की माझी पोर आहे, मी बघते, तुम्ही तुमचं दळण घ्या. पण प्रत्येक आईला असं बोलता येत नाही आणि तुझ्या वर्गातल्या दोघी-तिघींची शाळा अशाच बोलण्यापायी सुटली, लग्न लावून टाकली. जे डोळे तुला अंधार पडायच्या आत घरी आणून सोडायचे तेच हे डोळे आहेत, अर्धे ठेवून अर्धे परत करता येत नाहीत. आता तर वॉट्सअप ग्रुप आहेत, तू जीन्स घालून बाजारात गेलीस की दुपारपर्यंत मला कळेल. तुला चालेल का, जावईबापूंना चालेल का, हे आपसात नीट बोला.

आणि एक गोष्ट मला फार लागते ती सांगते. आपलं गाव एकमेकांना धरून आहे असं आपण म्हणतो पण त्यात कातकरी वाडीतली पोरं कधी धरली? पावशेर-अर्धा किलो नाचणी फडक्यात बांधून यायची, लांब उभी राहायची. दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडाला परत, शाळा तेवढी बुडालेली, आणि अख्ख्या गावात कोणी विचारत नव्हतं की पोरगा कुठे गेला. बाबा त्यांचं दळण नाचणीच्या रांगेत मध्येच घ्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, त्यावरून पण कुरकुर ऐकली आहे. तू येणार असशील तर नातीला वाडीतल्या पोरांबरोबर खेळू दे, लोक काय म्हणतील त्याची पर्वा करू नको, मी आहे.

बाकी तिला इथे जे मिळेल ते तिथे मिळणार नाही हे मी मान्य करते. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा, बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, एवढ्या गर्दीत तुझा हात सुटला तरी ओळखीचं माणूस निघायचं. २ जानेवारीला सिद्धगड, स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली जिथे गोळ्या लागून पडले ती जागा तू बाबांच्या खांद्यावर बसून बघितलीस, आता तुझ्या पोरीला दाखवू दे त्यांना. गुडघे दुखतात पण तेवढ्यासाठी चढतील.

जाण्यायेण्याचं मात्र कठीण आहे, आपल्याकडे रेल्वे नाही. एसटीने कल्याण तीसेक किलोमीटर, शहाडला ट्रॅफिक लागलं की तिथेच रखडायला होतं, मग लोकल ठाण्यापर्यंत आणि तिथून ट्रान्सहार्बरने ऐरोली, रोज हे करून पोरीला वेळ द्यायला अंगात काही उरणार नाही. घरून काम करायला किती दिवस देतात ते ऑफिसकडून लेखी घे, तोंडी नको. आणि रात्री-अपरात्री मोठं दुखणं आलं तर कल्याण गाठावं लागतं हे पण धरून चल.

माझं म्हणणं, मे महिन्यात सुट्टीला येऊन ठरवू नका, तेव्हा आंबे-करवंदं आणि सगळे पाहुणे, छानच वाटतं. जुलैमध्ये या, पंधरा दिवस राहा, लाईट जाते, कपडे वाळत नाहीत, लॅपटॉपला रेंज पुरते का ते बघ. त्या दिवसात पोरीला अंगणवाडीत पाठव आणि तू स्वतः माझ्याबरोबर चार घरी चल, तुला सगळे गिरणीवाल्यांची पोरगी म्हणून ओळखतात पण ती ओळख आमची आहे, तुमची तुम्हाला नव्याने करावी लागेल. मागची खोली मी रिकामी करून घेते, पोती वर माळ्यावर टाकू, पत्रा गळतो तिथे बाबा ह्या महिन्यात ताडपत्री टाकतील.

जावईबापूंना हे पत्र वाचायला दे. रविवारी दुपारी दोननंतर फोन कर, तेव्हा गिरणी बंद असते, बाबा पण बोलतील.

तुझी आई