पोरांना लिहून दिलेलं भाषण नको, टाळ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला मुलांना सुट्टीत सभाधीट करा हा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखात क्लासेसची यादी आहे, बॉडी लँग्वेज आहे, कॉन्फिडन्स आहे, पण आपल्याकडं गावोगाव सप्ताहाला एक माणूस हातात कागद न घेता दोन दोन तास मांडव धरून ठेवतो त्या कीर्तनाचं नावसुद्धा नाही, याचं फार वाईट वाटलं.

माझ्या पुतण्याचा मुलगा आठवीत आहे, लहानपणापासून भजनी मंडळात टाळ धरतो. मागच्या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला पाणी हा विषय होता. पोरगा उभा राहिला आणि समोरच्या मुलांनाच विचारलं, आज सकाळी तुमच्या घरी पाणी कोणी भरलं? मुलं ओरडली आई, आजी, ताई, मग तिथनंच धरून तो टँकरच्या रांगेबद्दल बोलत गेला, सगळा हॉल गप. परीक्षकांनी मार्क कापले! शेरा काय, तर उच्चार ग्रामीण आणि श्रोत्यांना प्रश्न विचारू नयेत. पहिल्या आलेल्या मुलीचा दोष नाही, पण तिचं भाषण क्लासच्या सरांनी लिहून दिलेलं, हात कुठं वर करायचा तेसुद्धा, आणि तेच भाषण त्याच हातवाऱ्यांसकट अजून दोघांनी म्हटलं ते परीक्षकांना खटकलं नाही.

अहो, गाडगेबाबा अख्खं कीर्तन प्रश्न विचारत करायचे, लोक उत्तरं द्यायचे आणि त्यातनंच पुढचं निघायचं. कीर्तनात बुवा थांबले की मागचे टाळकरी चाल उचलतात, तेवढ्यात बुवा दम घेतात, लोकांकडं बघतात, पुढं काय सांगायचं ते ठरवतात. पोवाड्यात झीलकरी जी जी धरतात तेव्हा शाहिराला तीच उसंत मिळते. हे मागं टाळ घेऊन उभं राहिल्याशिवाय येत नाही, आठवड्याच्या क्लासमध्ये तर नाहीच. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं मुलं चार चार वर्षं शिकतात, गाथा, ज्ञानेश्वरी, गाणं, मृदंग सगळं. प्रत्येक पोरानं कीर्तनकार व्हावं असं मी म्हणत नाही, पण शनिवारचा एक तास गावातल्या शाहिराला, भारूड करणाऱ्याला द्या, आणि मानधन पण द्या, फुकट नको. स्पर्धेत पाठांतराचे मार्क काढून टाका आणि ऐनवेळी विषय द्या, मग बघा कोण बोलतं ते.

आणि हो, तुमच्या पेपरातलं आजचे कार्यक्रम हे सदर का बंद केलं? कुठल्या गावात सप्ताह आहे, कुठं व्याख्यान आहे काही कळत नाही, क्लासेसच्या जाहिराती मात्र अर्धं अर्धं पान असतात. ते सदर परत सुरू करा, बारीक टायपात छापलं तरी चालेल.

एक वाचक, संगमनेर