चोराचा धर्म मथळ्यात कशाला?

महोदय,
मागच्या आठवड्यात आमच्या शिवारातल्या मोटारपंप चोरीची बातमी पेपरात आली. चोराचा धर्म थेट मथळ्यात! पारावर वाचणाऱ्याचं बोट त्याच शब्दावर थांबलं आणि वावरातून आलेला माझा मुसलमान शेजारी चहा अर्धा टाकून उठला. पंप त्याचाही गेला होता, हे बातमीत नव्हतंच. संदर्भ नसताना जात-धर्म छापू नये, असे भारतीय प्रेस परिषदेचे संकेत आहेत. सिनेमात तर दाढी-टोपी दिसली की पोरं खलनायक ओळखून मोकळी होतात. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला हजारो माणसं मौन श्रद्धांजली वाहतात, सर्वधर्मीय प्रार्थना होते. ती बातमी पहिल्या पानावर छापा.

– एक शेतकरी वाचक, ता. तिवसा, जि. अमरावती