दीड महिन्याच्या बाळांची एचआयव्ही टेस्ट वाळपईतच व्हावी : मंडळाचं आवाहन

सप्रेम नमस्कार. मंडळ काय करतं ते सत्तरी तालुक्यात कुणाला नव्याने सांगायला नको. रक्तदान, मोतीबिंदूची शिबिरं, २०२१ च्या पुरात म्हादईचं पाणी घरात शिरलं तेव्हा वाड्यावाड्यावर पोचवलेलं रेशन, सगळं तुमच्याच जिवावर. केरीच्या मास्तरांनी तेव्हा महिन्याची अख्खी पेन्शन दिली, होंड्याच्या मेडिकलवाल्या शेठनी औषधांचं बिल आमच्यासमोर फाडलं, बोटीवरची आमची पोरं न मागता पैसे पाठवतात, आणि ठाणे गावातल्या काकी काजूचा सीझन संपला की ५०० ची नोट हातात कोंबून पावती न घेताच चालू लागतात.

आता मुद्दा. आई एचआयव्ही पॉझिटिव्ह असली की बाळाची टेस्ट ६ आठवड्यांनी करायची असते. साधी टेस्ट उपयोगाची नाही, १८ महिन्यांपर्यंत तिच्यात आईच्याच अँटिबॉडी दिसू शकतात, म्हणून थेट विषाणूच शोधणारी पीसीआर टेस्ट. टाच टोचून कागदी कार्डावरचे गोल रक्ताने भरायचे, कार्ड सावलीत नीट सुकवायचं, पाकिटात घालून लॅबला पाठवायचं, बर्फ नको की फ्रीज नको. मग हे आपल्या वाळपईच्या आरोग्य केंद्रात का होऊ नये? ओली बाळंतीण आतल्या वाड्यावरून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायची म्हणजे दोन बसी, नवऱ्याचा रोज बुडतो, आणि सासूने "कशाला गो जातंस?" विचारलं तर ती बिचारी काय सांगणार? पण पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस पण ६ आठवड्यांनीच असतो, त्या दिवशी सगळ्याच आया केंद्रात येतात, कोण कुणाला विचारत नाही. उशीर परवडत नाही हो, लागण झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही तर साधारण तीनातलं एक बाळ वर्षाच्या आत जातं. आणि आईचा इलाज, बाळाचं औषध वेळेवर झालं तर लागणीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली ठेवता येतं, काहीच केलं नाही तर १५ ते ४५.

केंद्रात नमुना घेण्यासाठी अर्ज दिलाय, नर्सबाई तयार आहेत. टेस्ट, औषधं सरकारी, फुकट. आम्हाला पैसे हवेत ते जीपच्या भाड्याला, सोबत जाणाऱ्या बाईच्या मानधनाला आणि रिपोर्टनंतर बांबोळीच्या फेऱ्यांना, वर्षाला अंदाजे ८०,०००.

एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मागच्या वेळी याच कामासाठी हाक दिली तर चार जण सोडून कुणी फोन उचलला नाही, शिगम्याच्या रोमटाला, मिरवणुकीला मात्र वर्गणी उतू गेली. शिगमो आम्हालाही प्रिय आहे. पण "असल्या" बायकांसाठी कशाला, हे ऐकलं तेव्हा लागलं. आणि फोटो, बॅनर यावेळीही मिळणार नाही, संमतीशिवाय कुणाची लागण उघड करायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंदी आहे, नावं तर आमच्या कमिटीलाही माहीत नसतात.

पैसे खजिनदारांकडे, पावती जागेवरच. क्यूआर मंडळाच्या बोर्डावर. जीपवाले दोघे तरी हवेत, तोंड बंद ठेवणारे. जमत असेल त्यांनी पुढच्या डोसाच्या दिवसाआधी कळवा, संध्याकाळी ६ नंतर ऑफिस उघडं असतं.

– सचिव